घरात दिवा आहे, माणूस नाही

इंग्रजीत माणसाला वेडा म्हणायच्या किती तऱ्हा आहेत, याची मी एकेकाळी वही केली होती. जाड वही, वर निळा कागद चढवलेला. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी बी.ए.ला होते तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे नव्वदीची अखेर. आमच्या इंग्रजीच्या सरांना या वाक्प्रचारांचा भारी शौक. तास संपायला पाच मिनिटं उरली की ते फळ्यावर एक लिहायचे आणि स्वतःच खुदखुदत बसायचे. 'स्क्रू लूज', म्हणजे याच्या डोक्यातला एक स्क्रू ढिला आहे. 'लॉस्ट हिज मार्बल्स', म्हणजे याच्या गोट्या हरवल्या. 'बॅट्स इन द बेलफ्री', म्हणजे याच्या घंटाघरात वटवाघळं शिरली. कुणाच्या सहलीच्या डब्यात दोन सँडविच कमी, कुणाच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये चार पानं कमी. सर म्हणायचे, "बघा, किती समृद्ध भाषा आहे!" आणि मी पहिल्या बाकावर बसून मान डोलवायची. आज त्या समृद्धीचं कुणी कौतुक केलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

समृद्ध म्हणे! शिव्या काय आमच्याकडे कमी होत्या? वैनगंगेच्या अलीकडचं आमचं गाव, धानाच्या पट्ट्यातलं. अर्धी घरं शेतीवर, अर्धी तलावातल्या मासोळीवर. आमच्याकडे वेड्याला पागल म्हणत, भैताड म्हणत, बह्याड म्हणत. पण म्हणत तोंडावर. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, नवऱ्यानं ओलं जाळं घरात आणून टाकलं की ओरडायची, "बह्याड झाले का जी तुमी?" आणि मोठे बाबा तिथल्या तिथे उत्तर द्यायचे, "बह्याड नसतो तं तुह्याशी लगन केलं असतं का?" सगळं अंगण हसायचं आणि जाळं बाहेर जायचं. शिवी दिली, उत्तर आलं, फिटलं. ज्याला शिवी दिली त्याला ती कळली पाहिजे, एवढी किमान माणुसकी आमच्या त्या अशिक्षित शिव्यांत होती.

मी मात्र शिकलेली. सुट्टीत घरी आले की वहीतल्या गोष्टी गावातल्या माणसांवर मनातल्या मनात चिकटवत बसायची. एकदा तर जेवताना मोठ्या आईलाच हसत हसत इंग्रजीतून काहीबाही म्हटलं. तिला वाटलं, पोरगी काही चांगलं बोलली. ती हसली आणि माझ्या ताटात झिंग्यांच्या रश्शाची आणखी एक पळी वाढली. मी तो रस्सा भुरकला. तेव्हा मला काहीही वाटलं नाही, हे मी मुद्दाम सांगते.

आता मोठ्या बाबांविषयी. ते तलावाचे जाणते होते. अंगानं वाळलेले, उंच, चालताना पुढे झुकलेले. त्यांना अक्षरओळख नव्हती. अंगठा उठवायचे. पण मासोळीचं बीज, म्हणजे बोटभर पिलं, तलावात कुठल्या कोपऱ्यात सोडायचं, पाणी कधी ओसरणार, हे गाव त्यांना विचारायचं. दर उन्हाळ्यात तलाव आटला की लोक बैलबंड्या घेऊन गाळ न्यायला यायचे. धानाच्या बांधीत, म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेल्या शेतात, तो गाळ टाकला की पीक चांगलं यायचं. पण पहिली टोपली भरायच्या आधी मोठे बाबा तलावात उतरायचे. हातभर खोदून चिमूटभर माती तोंडात घालायचे, दाताखाली घोळवायचे आणि थुंकायचे. माती लोण्यासारखी लागली तर अजून खोदायचं. कचकच लागली तर थांबायचं. कचकच लागली म्हणजे खाली मुरूम जवळ आला. मुरूम उघडा पडला की पाणी जमिनीत जातं, मग कितीही पाऊस पडो. जिथे कचकच लागली तिथे ते एक खुंट ठोकायचे. ते खुंट सागाचे होते. तरुणपणी आलापल्लीच्या जंगलात लाकूडतोडीच्या मजुरीला गेले होते, तेव्हा तिथून डोक्यावर आणलेले. खुंटाच्या आत कुदळ मारायची नाही, हा गावाचा नियम. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता.

मी शेवटच्या वर्षाला जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तलाव खोल करायची योजना आली. मशीन येणार, तलाव दुप्पट खोल होणार, दुप्पट पाणी साठणार. गावाला आनंद झाला. पाहणीला दोन साहेब आले. एक टोपीवाले, कुठल्या तरी दूरच्या शहरातून आलेले सल्लागार. दुसरे चष्म्याचे, त्यांच्या हाताखालचे. टोपीवाल्यांना मराठी येत नव्हती आणि हिंदीही तुटकीच. म्हणून सरपंचांनी मला बोलावलं. "बाई, तू बी.ए. करून राह्यली ना? चाल, साहेबाले समजावून सांग."

मी इस्त्रीचा ड्रेस घालून गेले. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली. टोपीवाले म्हणाले, युवर इंग्लिश इज व्हेरी गुड. बस, मी हवेत. गावातली सगळी माणसं तलावाच्या पाळीवर, बांधावर, उन्हात उभी, आणि मी आंब्याच्या सावलीत साहेबांच्या शेजारी खुर्चीवर. मला ते बरोबरच वाटलं.

मग मोठे बाबा पुढे आले. ते काही बोलायच्या आधी तलावात उतरले, नेहमीसारखे. पण या वेळी त्यांनी माती जरा जास्तच घेतली, साहेबांना नीट दिसावी म्हणून. तोंडात घातली, घोळवली, थुंकली. ओठांना गाळ तसाच लागलेला. तसेच वर येऊन म्हणाले, "साहेब, इथी दोन हात गाळ हाय. त्याच्या खाली मुरूम. मुरूम उघडा पडला का पानी राह्यत नाई जी. टोपल्यात पानी भरल्यावानी होईन. खुंटाच्या आत मशीन आनू नका."

मी ते इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. अर्धंच सांगून झालं असेल. टोपीवाल्यांनी मोठ्या बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, चष्म्याच्या साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही हॅज अ स्क्रू लूज." चष्म्याचे साहेब हसू दाबत म्हणाले, "लाइट्स आर ऑन, बट नोबडीज होम." घरात दिवा आहे, पण माणूस नाही.

पहिला माझ्या वहीत होता. दुसरा नव्हता. आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी माझ्या मनात आलं, हा लिहून घ्यायला हवा.

त्या क्षणाचा मला जितका संताप येतो तितका त्या दोघांचाही येत नाही. त्यांचा येतोच. चांगले शिकलेले, पगारी, भरल्या पोटाचे लोक. माणूस समोर उभा आहे, त्यानं तुमच्यासाठी माती खाल्ली आहे, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावरून, त्याला न कळणाऱ्या भाषेत, एकमेकांकडे चेंडू फेकल्यागत शब्द फेकता! वेडा म्हणायचं होतं तर हिंदीत म्हणायचं. पागल हा शब्द त्यांना येत होता. तो मोठ्या बाबांनाही कळला असता. पण मग उत्तर ऐकावं लागलं असतं ना.

मोठ्या बाबांनी मला विचारलं, "का म्हनून राह्यले वं साहेब?"

त्याच वेळी चष्म्याचे साहेब मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहीत होते. काय, ते देव जाणे. तलावाची लांबीरुंदी असेल. मी त्या पेनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं लिहून घेतलं म्हनते साहेबानं. कागदावर आलं."

"लिहून घेतलं?" मोठ्या बाबांनीही पेनाकडे पाहिलं. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "मंग झालं."

मी कित्येक महिने स्वतःला सांगत राहिले की मी त्यांचा अपमान वाचवला. साफ खोटं. मला माझी खुर्ची वाचवायची होती. तो माती खाणारा माणूस माझा सख्खा मोठा बाप आहे, हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. आणि तसंही आता सांगायची इच्छा उरली नव्हती.

मोठ्या बाबांचा लिहिलेल्यावर विश्वास होता. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा असतो. त्यांच्या हिशेबी बोललेलं वाऱ्यावर जाऊ शकतं, पण साहेबानं पेनानं कागदावर उतरवलेलं म्हणजे दगडावरची रेघ. पुढच्या आठवड्यात मशीन आली. ड्रायव्हर म्हणाला, खुंट मध्ये येतात. सगळ्या गावासमोर मोठ्या बाबांनी स्वतःच्या हातानं एकेक खुंट उपटला. कुणीतरी विचारलंही, "भाऊ, खुंट काऊन काढता?" ते म्हणाले, "कागदावर आलं आता. मशीनवाला कागद पाह्यून खोदन. खुंट कायले पाह्यजे?" आणि खुंटांची मोळी बांधून घरी नेली. तोवर मी चंद्रपूरला परत गेले होते; हे सगळं मला मागून कळलं.

दिवाळीला आले तेव्हा धान निसवत होता. लोंबी बाहेर पडायच्या त्या दिवसांत बांधीला पाणी लागतं, आणि तेव्हाच ते तलावातून सोडायचं असतं. पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता. तलाव भरलाही होता, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पण मी आले तेव्हा पाळीवरून खाली बघितलं तर मधे डबकं उरलेलं, गुडघाभर. मशीननं मुरूम उघडा केला होता. पाणी सरळ जमिनीच्या पोटात गेलं. मासोळीचं बीज डबक्यात तडफडत होतं आणि बगळे चरत होते. तलावापासून दूरच्या बांध्यांमधला धान पोचट गेला. आमच्या आळीतले तीन भाऊ बल्लारपूरला कंत्राटी कामावर निघून गेले, बायकापोरांना ठेवून.

गावाला कुणावर तरी राग काढायचाच होता. साहेब तर पाहणी करून गेले ते गेले. सापडले मोठे बाबा. "खुंट तुमीच उपटले ना?" हा प्रश्न त्यांना दर पारावर, दर दुकानापुढे विचारला जाऊ लागला. ज्या माणसाच्या शब्दावर गाव तलावात कुदळ मारत होतं, त्यालाच आता लोक विचारत, मुरूम लागणार हे ठाऊक होतं तर खुंट का काढले? मोठ्या बाबांकडे एकच उत्तर होतं. कागद. आपण सांगितलं होतं, साहेबानं लिहून घेतलं होतं, कागदावर आहे. मशीनवाल्यानं कागद पाहिला नाही, ही त्याची चूक. तो कागद सापडला की आपला शब्द खरा ठरेल. बस, तेवढं एक त्यांना हवं होतं. नुकसानभरपाई वगैरे त्यांच्या मनातही नव्हती.

आणि मी घरात होते. दिवाळीचे सगळे दिवस मी घरात होते. रोज वाटायचं, आज सांगू. मग मोठे बाबा म्हणायचे, "तू होती ना वं तिथी. तू पाह्यलं ना लिहिताना." मी हो म्हणायची. त्या 'हो'ची मला आजही किळस येते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तोवर मोठे बाबा तालुक्याच्या कचेरीत कितीदा तरी जाऊन आले होते. एसटीनं जायचे, टेबलाटेबलाला विचारत फिरायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. तलावाच्या फाइली कुठल्या कचेरीत आणि हे कुठल्या, याचा पत्ता त्यांना नव्हता आणि कुणी सांगितलाही नाही. गावात त्यांचं नाव पडलं होतं, कागदवाले भाऊ. हातपंपावर बायका विचारायच्या, "कागद सापडला का जी?" आणि ते गेले की पदराआड हसायच्या. मोठ्या आईनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "रातंदिवस कागद कागद करते. मले भेव वाटते, बाई. पागल तं नाई ना होऊन राह्यले?"

ती हे मला विचारत होती. मला! दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाबांना म्हणाले, मी येते तुमच्यासोबत.

कचेरीत टेबलामागे एक कारकून होता. मोठ्या बाबांनी हात जोडून तेच सांगितलं, जे त्यांनी आधीही सांगितलं असणार. "साहेब, मी बोललेला कागद. तलावाचा. मुरमाचा." कारकुनानं मान वर न करता म्हटलं, "आले का पुन्हा?" मग पलीकडच्या टेबलाकडे बघून बोट कानशिलाजवळ नेलं आणि स्क्रू पिळल्यासारखं फिरवलं.

म्हणजे तेच. टोपीवाल्यानं जे तलावाकाठी म्हटलं होतं तेच, फक्त आता भाषेची गरज नव्हती. ते बोट मोठ्या बाबांनी पाहिलं. त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले, पण चेहरा पडला. साहेबांनी वेडं ठरवलं ते एकदाच. माझ्या एका लबाडीनं त्यांना साऱ्या तालुक्यात खरोखरचा वेडा करून टाकलं होतं. नसलेला कागद शोधत फिरणारा माणूस वेडा नाही तर काय? मी कारकुनाला वाट्टेल ते बोलले. मराठीत, हिंदीत, शेवटी इंग्रजीतही. तो घाबरला नाही, नुसता कंटाळला. मोठ्या बाबांनीच माझा हात धरून मला बाहेर आणलं.

एसटी स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसलो. दुपार होती. मी सांगून टाकलं. कागद नाही. कधी नव्हताच. तुम्ही बोललात ते कुणी लिहून घेतलं नाही. मी खोटं बोलले.

मला वाटलं होतं रागावतील, निदान एखादा हात तरी उगारतील. मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "मंग का म्हनलं होतं त्यायनं? जशाचं तसं सांग."

मी सांगितलं. डोक्यातला स्क्रू ढिला आहे म्हणाले. त्यावर ते नुसते "हूं" म्हणाले. मग दुसरं सांगितलं. घरात दिवा आहे, पण माणूस नाही.

"असं म्हनलं?"

"हो."

त्यांनी विचार केला. अगदी खरोखर, तोंडात माती घोळवताना करायचे तसा. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. जवळजवळ हसूच ते.

"मंग मी म्हनलो असतो, साहेब, दिवा आपोआप पेटते का? कोनं लावला तो? या, आत या, मानूस हाय का नाई ते पाह्यून घ्या." एवढं बोलून ते थांबले. हसू गेलं. "आन तरी नसतं आयकलं, तं मी खुंट उपटले नसते, पोरी. मशीनसमोर आडवा पडलो असतो. पागल म्हनलं का मानसाले जोर येते. मी पागल नाई हे दाखवाले."

मी काहीतरी पुटपुटले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, वगैरे.

"शिवी त्यायनं देल्ली होती," ते म्हणाले. "जवाब माह्या होता. तो तू ठेवून घेतला."

एसटी आली. गर्दी नव्हती. मी खिडकीपाशी बसून त्यांच्यासाठी बाजूला सरकले. ते माझ्या शेजारून गेले आणि पुढे ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर जाऊन बसले.